शब्दचर्चा : फ्लिपरला मराठीत काय म्हणायचं? (विषय समुद्रातले जुने सरीसृप)

अनुजा_के :
मुलांच्या मासिकासाठी एका लेखाचं मराठीकरण करतेय, विषय इक्थिओसॉर, प्लेसिओसॉर, मोसासॉर. गाडी फ्लिपरवर अडलीय, म्हणजे पोहण्यासाठी चपटे झालेले त्यांचे हातपाय. मी आधी "पर" लिहिलं, संपादकांनी खोडून "वल्हे" केलं, मग दुसऱ्या ठिकाणी त्यांनीच "पंख" केलंय. शिवाय शीर्षकात "समुद्री डायनासोर" घातलंय, ते मला खटकतंय. कुणी सांगेल का नेमकं काय वापरावं?

चिंबोरी :
वल्हे. संपला विषय. शाळेत कासवाचे पाय वल्ह्यासारखे असंच शिकलो.

दगडफोड्या :
विषय संपला नाही हो, आत्ता सुरू झालाय :) आधी डायनासोर काढून टाका. तिन्ही प्राणी डायनासोर नाहीत, त्यांच्या शाखाच वेगळ्या. आणि गंमत म्हणजे इक्थिओसॉरस आणि प्लेसिओसॉरस ही नावं पडली तेव्हा डायनासोर हा शब्दच जन्माला आला नव्हता, तो रिचर्ड ओवेन या इंग्रज शास्त्रज्ञाने १८४२ मध्ये काढला. जीवाश्म शोधणारी मेरी ॲनिंग आणि तिच्या भावाला इंग्लंडात लाइम रेजिसच्या कड्यात इक्थिओसॉरचा सांगाडा मिळाला तो १८११-१२ चा. म्हणजे थोरल्याला धाकट्याच्या नावाने हाक मारण्यातला प्रकार.

आता फ्लिपर. "पर" मला चालत नाही कारण माशाच्या परात आत बोटं नसतात, काटे असतात. इक्थिओसॉरचा पुढचा अवयव उघडून बघितला तर तिथे खांद्याला जोडलेलं दंडाचं हाड आहे, आखूड आणि जाड, त्याच्या पुढे कोपराखालची दोन हाडं आहेत पण ती इतकी आखडून चपटी झालीत की बोटाच्या पेरांपासून वेगळी ओळखायला दोनदा बघावं लागतं, आणि मग पेरंच पेरं. आपल्या बोटाला तीन पेरं, अंगठ्याला दोन. ह्यांच्या काही जातींत एका बोटाला वीसच्या वर पेरं, आणि बोटंही पाचावर न थांबता आठ-नऊ. काही जातींत पेरं सहाकोनी होऊन एकमेकांना इतकी चिकटून बसतात की पेव्हर ब्लॉक घातल्यासारखं दिसतं. मनगट, कोपर काही वाकत नाही, सगळं मिळून एकच ताठ पातं. पण हाडांचा हिशेब लावला की तो हातच आहे.

अनुजा_के :
"पेरं" मस्त!! मी "अंगुलास्थी" लिहून बसले होते.

चिंबोरी :
अंगुलास्थी वाचून पोरं मासिक मिटवतील. पेर उसाला आहे, बोटाला आहे, मग इक्थिओसॉरला का नको.

सांजवारा :
थोडा वेगळा मुद्दा मांडते. वल्हं म्हटलं की ते पाणी मागे ढकलून पुढे नेतं असा अर्थ येतो ना? इक्थिओसॉर पोहायचा शेपटीने, पुढचे दोन हात दिशा बदलायला आणि तोल सांभाळायला. म्हणजे त्याच्या बाबतीत ते सुकाणूच्या जवळ जातं. प्लेसिओसॉरचं उलट, शेपूट आखूड, धड रुंद, आणि चारही पाय पोहायच्या कामाला. पण तिथेही ते वल्हवत होते की समुद्री कासव किंवा पेंग्विनसारखे वरखाली हलवत पाण्यातून उडत होते यावर अभ्यासकांचे बरेच वाद झालेत, हल्ली कल उडण्याकडे जास्त आहे. त्यामुळे संपादकांनी "पंख" कुठे केलंय ते बघा, प्लेसिओसॉरला केलं असेल तर अगदीच वेडेपणा नाही.

दगडफोड्या :
हो, आणि प्लेसिओसॉरची बोटं पाचच राहिली बरं का, पेरं तेवढी वाढली. इक्थिओसॉरने दोन्ही वाढवलं. देवमाशाच्या बोटांतही पेरं वाढलेली सापडतात आणि तो तर सस्तन. तिघे वेगवेगळ्या वेळी जमिनीवरून पाण्यात गेले आणि हाताचं पातं करायची तीच युक्ती तिघांनी केली.

कोपरखळी :
माझा साधा प्रश्न. ह्यांना "सरपटणारे प्राणी" कसं म्हणायचं? इक्थिओसॉर जमिनीवर येऊच शकत नव्हता, अंडी घालायलासुद्धा नाही, पिल्लं पाण्यातच व्हायची, पोटात पिल्लं असलेले सांगाडे आहेत. मग सरपटला कधी?

चिंबोरी :
म्हणून सरीसृप म्हणा.

कोपरखळी :
सरीसृप म्हणजे पण सरपटणाराच की. संस्कृतात सांगितलं म्हणून तो पोहायला लागतो का?

सांजवारा :
😂 देवमासा तरी कुठे मासा आहे. गटाचं नाव आहे, चालू द्या. मोसासॉरला मात्र छान सोय आहे, तो घोरपडी आणि सापांच्या नात्यातला, मुलांना घोरपड सांगितली की जबडा लगेच डोळ्यासमोर येतो. नाव मास नदीवरून पडलं, नेदरलँड्समधल्या मास्ट्रिक्टच्या खाणीत डोकं मिळालं होतं अठराव्या शतकात.

दगडफोड्या :
"पर" शब्द टाकून देऊ नका पण. इक्थिओसॉरच्या पाठीवर एक त्रिकोणी पर होता आणि त्यात एकही हाड नाही. शेपटीचा पर उभा, दोन पाळ्यांचा, त्यातल्या वरच्या पाळीतही हाड नाही. मग हे कळलं कसं, तर जर्मनीत होल्झमाडेनच्या काळ्या पाटीच्या दगडात सांगाड्याभोवती कातडीची काळी बाह्यरेषा उमटलेली मिळाली, ती १८९० च्या दशकात नीट अभ्यासली गेली. त्याआधी सांगाड्यात शेपटीचे मणके एका जागी अचानक खाली वळलेले दिसायचे आणि ओवेनसारख्या माणसालाही वाटलं की शेपटीला पर असणार हे खरं, पण वळण मेल्यानंतर पराच्या ओझ्याने पडलंय. प्रत्यक्षात ते वळण जिवंतपणीचंच, कणा खालच्या पाळीत शिरतो. शार्कचा कणा वरच्या पाळीत जातो, ह्याचा खाली. म्हणजे तुमच्या लेखात पाठीवर आणि शेपटीला "पर", आणि पुढे-मागे जे चार आहेत त्यांना दुसरं काहीतरी. एकच शब्द दोन्हीकडे वापरलात तर हाड असलेलं आणि नसलेलं एकाच पिशवीत जाईल.

अनुजा_के :
हे पटलं एकदम. मग त्या चारांना "वल्हेपाय"? "पोहपाय"?

कोपरखळी :
पोहपाय ऐकून पोहे आठवले.

कच्छी_दाबेली :
आपल्या शेजारचं उदाहरण घाला की लेखात. कच्छमध्ये लोडाईजवळ जवळजवळ पूर्ण इक्थिओसॉर मिळालाय, साडेपाच मीटरच्या आसपास, उत्तर ज्युरासिक काळातला, २०१७ मध्ये प्लॉस वन या विज्ञान-नियतकालिकात छापून आलं. दिल्ली विद्यापीठाचे गुंटुपल्ली प्रसाद त्या टीममध्ये होते. आता तिथे वाळवंट आहे म्हणून पोरांना जास्त मजा वाटेल.

सांजवारा :
अनुजा, वल्हेपाय चांगला आहे, पाय शब्द आत राहतो, त्यामुळे हाडं विसरली जात नाहीत. पहिल्यांदा येईल तिथे एक ओळ फोड करून द्या, पुढे नुसतं वल्हेपाय.

अनुजा_के :
असं लिहिलंय, बघा: "इक्थिओसॉरच्या वल्हेपायात बोटांची पेरं दाटीने बसलेली असत. पाठीवर बिनहाडाचा पर होता. शेपूट खाली वाकलेली होती."

दगडफोड्या :
शेवटचं वाक्य बदला. शेपूट वाकलेली म्हटलं की मूल लोंबती शेपूट काढणार चित्रात. "शेपटीतला कणा खालच्या पाळीत वळत असे" असं करा, आणि पाळ्या दोन होत्या तेही सांगा, नाहीतर "खालच्या" म्हणजे कुठल्या हे कळायचं नाही.