न्हाणी ते स्पा: तुमच्या घरच्या आंघोळीच्या जागेचे अनुभव सांगा

मागीलदार
काल पर्वरीला भाच्याच्या नव्या फ्लॅटचं वास्तुपूजन होतं. सूनबाईंनी सगळ्यांना हॉल दाखवला, किचन दाखवलं आणि मग मोठ्या थाटात बाथरूम! काचेचं पार्टिशन, डोक्यावर ताटाएवढा शॉवर, टब, मेणबत्त्या आणि बसायला चक्क बाक. पाहुण्यांना बाथरूम दाखवतात हे माझ्या आईने ऐकलं असतं तर पदर तोंडाला लावून हसली असती.

आमची डिचोलीची न्हाणी मागीलदारी. चिऱ्यांच्या भिंती, वर कौलाचे नळे, कोपऱ्यात चुलीवर मातीने लिंपून बसवलेलं तांब्याचं भाण. खाली माडाची चुडतं (झावळ्या) आणि नारळाची सोडणं सारायची. दाराला कडी नाही, आत कोणी आहे याची खूण म्हणजे दारावर टाकलेला पंचा. सांडपाणी पन्हळीतून थेट माडाच्या आळ्यात. काल रात्री झोपच लागेना, ते सगळं आठवत बसलो. तुमच्याकडे काय होतं, कधी बदललं, लिहा.

शिरोडकरीण
पंचा!! आमच्याकडे पंचा वाऱ्याने उडायचा आणि मग आतून गाणं म्हणावं लागायचं. मला गाता येत नाही, मी पाढे म्हणायचे. एकोणतिसाचा अजून पाठ आहे.

पेडण्याचो
भाणातल्या पाण्याला धुराचा वास असायचा तो गिझरला नाही. बाकी सगळं गिझरचं चांगलं. पावसाळ्यात ओली लाकडं फुंकून फुंकून आईचे डोळे लाल व्हायचे, ते ज्यांनी बघितलंय त्यांनी न्हाणीचं फार कौतुक करू नये असं मला वाटतं.

मागीलदार
@पेडण्याचो खरं आहे. पाणी तापवणारी ती आणि शेवटी कोमट पाण्याने न्हाणारीही तीच.

तळपण
न्हाणीवर सगळे लिहितायत, संडासावर कोणीच नाही 😄 आजोळी डुकराचा होता. ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे. उंचावर बसायचं आणि खालून घुरघुर. मुंबईची मावसभावंडं मे महिन्यात आली की पहिले दोन दिवस जायचीच नाहीत. पुढे सेप्टिक टँक झाला तेव्हा आजोबा म्हणाले, आता डुकरांनी खावं काय?

शिरोडकरीण
ईईई जेवतेय मी

कुर्डीकर_वाड्यावरचा
आमची न्हाणी धरणात आहे. मस्करी नाही. साळावलीच्या पाण्याखाली १९८६ च्या सुमारास कुर्डी गेली. गायिका मोगूबाई कुर्डीकरांचं गाव. आम्हाला पुनर्वसनात वाडे गावात जागा मिळाली. मे महिन्यात पाणी उतरतं तेव्हा गाव वर येतो, लोक सोमेश्वराला जातात. बाबांनी एकदा आमच्या घराचं जोतं दाखवलं, मागच्या बाजूला न्हाणीचा दगड, पाणी वाहून जायला कोरलेली खाच तशीच. त्यात गाळ भरलेला, तो त्यांनी बोटाने काढला. आता मडगावला राहतो. शॉवरला येतं ते त्याच धरणाचं पाणी. बायको म्हणते लवकर आटप, मी म्हणतो आमच्या गावावरून आलंय, जरा वेळ लागणारच.

पेडण्याचो
@कुर्डीकर काय लिहिलंत हो.

नळवाला_फोंडा
धंदाच हा, म्हणून सांगतो. फोटो बघून लोक मोठा रेन शॉवर घेतात. वर टाकी गच्चीला टेकलेली, प्रेशर नाही, मग माणूस खाली उभा आणि पाणी ठिबकतंय. टाकी उंचावर तरी घ्या नाही तर पंप बसवा. टबात दीडशे लिटरच्या वर पाणी जातं, बादलीत पंधरा-वीस. उन्हाळ्यात टँकरची वाट बघणाऱ्यांनी टब कशाला घ्यावा? मी बसवलेल्या कितीतरी टबांत आज धुवायचे कपडे आहेत. आणि चकचकीत टाइल जमिनीवर नको, खडबडीतच घ्या. एक्झॉस्ट फॅन मोठा घ्या. आपल्याकडे जून ते सप्टेंबर भिंत सुकत नाही, लाकडी कपाटाला बुरशी येणार म्हणजे येणार.

मडगावची_माई
@नळवाला सोलर गिझर बसवावा का हो?

नळवाला_फोंडा
बसवा, पण आत विजेची कॉइल असलेला. जुलैत सूर्य कुठाय? बॅकअपशिवाय घेतला तर भर पावसात गार पाणी.

शिरोडकरीण
पोदेर (पाववाला) आला थांबा

मडगावची_माई
माझं वेगळंच. सासूबाईंचे गुडघे गेले तेव्हा बाथरूम घरात घेतलं. देवघराच्या भिंतीला लागून म्हणून घरात महिनाभर अबोला. शेवटी कमोड, धरायला दांडा, हँड शॉवर, बसायला प्लास्टिकचं स्टूल. पहिल्या दिवशी तासभर बाहेर येईनात, आम्ही घाबरून दार वाजवलं. आतून आवाज, "कोणी हाक मारू नका गो, सुखान न्हातंय." आयुष्यभर पहाटे सगळ्यांच्या आधी उरकलेली बाई. मला तरी मेणबत्त्यांपेक्षा आतून लागणारी कडी हीच चैन वाटते.

तळपण
माई 🙏

अबोली_पणजी
आम्ही फ्लॅटमधले, पण नरकासुर जाळून आलं की अभ्यंग त्याच काचेच्या बाथरूममध्ये. तेल आणि उटणं लावून पोरं आत गेली की काच बघवत नाही. कारीट फोडायला तुळस बाल्कनीत, खाली वर्तमानपत्र. गेल्या वर्षी बिया खालच्या मजल्यावरच्यांच्या कपड्यांवर!

पेडण्याचो
कारीट मिळतात कुठे आता पणजीत?

अबोली_पणजी
मार्केटात, आदल्या दिवशी सकाळी लवकर जा. संध्याकाळी नुसती सुकलेली.

शिरोडकरीण
आले. मागीलदार, तुमचं भाण कुठाय? आमचं भंगारवाल्याने वजनावर नेलं, आई अजून त्याला शिव्या देते.

मागीलदार
आहे की! भाच्याच्या फ्लॅटमध्ये, त्या टबाच्या शेजारीच. सूनबाईंनी त्यात मनीप्लांट लावलाय. काळं पडलंय म्हणून कसलंतरी लिक्विड आणणार होती, मी म्हटलं बिंबलं घे, ती आंबट फळं.

मडगावची_माई
बिंबलं आणि चुलीतली राख. राख नसेल तर मीठ चालेल. आमच्या झाडाला लगडलीत, कोणाला हवी असतील तर सांगा, लोणचं घालून घालून कंटाळले.

नळवाला_फोंडा
मला ठेवा माई, उद्या मडगावात काम आहे.