मदत हवी आहे : 'फरगॉटन रेल्म्स'मधला शारचा पंथ विश्वासार्ह कसा उभा करावा?

नमस्कार.

आमचा मराठी मित्रमंडळींचा एक गट 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा एकत्र बसून पात्रे रंगवत गोष्ट पुढे नेण्याचा खेळ खेळतो आणि सध्या डंजन मास्टरची, म्हणजे कथानक रचून खेळ चालवण्याची, जबाबदारी माझ्याकडे आहे. आमची मोहीम, म्हणजे अनेक बैठकांत चालणारी सलग कथा, 'फरगॉटन रेल्म्स' या कल्पित जगातल्या वॉटरडीप या बंदरनगरीत चालू आहे. पुढच्या टप्प्यात शार या देवीचा गुप्त पंथ आणायचा आहे आणि त्याची मांडणी करताना मी अडले आहे.

दुष्ट देवतेचा पंथ म्हटला की काळे झगे, तळघरातली वेदी आणि नरबळी एवढेच बहुतेक मोहिमांमध्ये दिसते. मला ते टाळायचे आहे. ज्या महाराष्ट्रात नरबळी आणि अघोरी प्रथांविरुद्ध २०१३ साली कायदा करावा लागला, तिथे बळीचा प्रसंग केवळ वातावरणनिर्मितीसाठी वापरणे मला पटत नाही. शिवाय अशा पंथात साधीसुधी माणसे का जातात, या प्रश्नाचे उत्तर त्यातून मिळतच नाही.

खरे तर या जगात ते उत्तर जवळजवळ प्रत्येक देवतेपाशी आहे. बेन हा जुलमाचा देव, पण त्याच्या छत्राखाली शिस्त, पगार आणि संरक्षण मिळते. अंदाधुंदीला कंटाळलेल्या शहराला तेवढे पुरेसे असते. अंबरली या सागरदेवीवर कोणाचेही प्रेम नाही, तरीही गलबत हाकारण्यापूर्वी खलाशी तिला काहीतरी अर्पण करतातच, कारण तिचा कोप परवडणारा नसतो. मरीआईला किंवा वेताळाला दिला जाणारा मान लहानपणापासून पाहिलेल्या माझ्या खेळाडूंना हे समजावून सांगावे लागले नाही, आणि अंबरलीच्या भक्तांना त्यांनी एकदाही दुष्ट ठरवले नाही. ते योग्यच आहे असे मला वाटते. उग्र देवतेची मनधरणी करणे वेगळे आणि दुसऱ्याच्या विनाशावर पोसला जाणारा पंथ वेगळा. ही सीमारेषा मला मोहिमेत स्पष्ट ठेवायची आहे.

देवतांच्या बाजूचे कारणही पक्के आहे. त्या जगाच्या कालगणनेतल्या १३५८ या वर्षी, नियतीच्या पाट्या चोरीला गेल्यामुळे संतापलेल्या आओने, म्हणजे सगळ्या देवांच्या अधिपतीने, देवांना माणसांच्या जगात ढकलले आणि त्यानंतर त्यांचे सामर्थ्य भक्तांच्या श्रद्धेशी बांधून टाकले. त्यामुळे शारला माणसे हवीच आहेत.

शार ही अंधाराची, हानीची आणि विस्मृतीची देवी. चंद्रदेवी सेलूने हिची जुळी बहीण आणि कायमची वैरीण. जांभळ्या कडेची काळी चकती हे शारचे चिन्ह. तिचे अनुयायी लहान लहान गुप्त गटांमध्ये काम करतात. चंद्रोत्सवाच्या दिवशी सगळे शहर आपल्या मृतांचे स्मरण करत असते, तेव्हा त्याच गर्दीच्या आडोशाने ते आपला वेगळा विधी उरकतात. ही देवी सत्ता किंवा संपत्ती देऊ करत नाही. ती दुःखी माणसाला एवढेच सांगते की आशा खोटी आहे, आणि तुझे दुःख मी घेते.

यावरून मी एक पात्र बेतले आहे. गोदीच्या वस्तीत जाळी विणून पोट भरणारी एक बाई आहे. तिचा लहान मुलगा बुडून गेला आहे. शेजारीण तिला एका घरी घेऊन जाते. तिथे कोणी काही मागत नाही. मुलाची एक आठवण मोठ्याने सांगायची आणि दिवा विझू द्यायचा, इतकेच. त्या रात्री तिला झोप लागते. ती पुन्हा आपणहून जाते, पुन्हा पुन्हा जात राहते. खेळाडू तिला भेटतात तेव्हा तिचा चेहरा शांत आहे, हात जाळ्यावर सराईतपणे चालत आहेत, आणि खुंटीवरचा छोटा अंगरखा दाखवून ती त्यांनाच विचारते की हा कोणाचा आहे, तुम्हाला माहीत आहे का.

आता अडचणी. पहिली अडचण नियमांची आहे. खेळाच्या नियमांच्या २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत 'मॉडिफाय मेमरी' हा स्मृती बदलणारा मंत्र पाचव्या पातळीचा आहे आणि तो गेल्या चोवीस तासांतल्या, जास्तीत जास्त दहा मिनिटांच्या घटनेपुरताच चालतो. कितीही जुनी आठवण पुसायची असेल तर तो नवव्या पातळीवर वापरावा लागतो, म्हणजे सतराव्या स्तराचा, अतिशय सामर्थ्यवान पुरोहित हवा. असा पुरोहित गोदीतल्या एका खोलीत रोज बसलेला असणे विसंगत वाटते. हे काम देवीच्या एखाद्या वस्तूकडे सोपवावे, की पंथाचा विधी नियमांच्या बाहेरचा मानावा? कोणी असे काही केले असेल तर खेळाडूंना ते अन्यायाचे वाटले का?

दुसरी अडचण मला अधिक महत्त्वाची वाटते. त्याच नियमांनुसार 'रिमूव्ह कर्स' या शाप उतरवणाऱ्या तिसऱ्या पातळीच्या मंत्राने मूळ स्मृती परत येते, आणि आमच्या गटातल्या पुरोहिताकडे तो मंत्र आहे. म्हणजे माझे खेळाडू पहिल्याच भेटीत तिला स्पर्श करून मुलगा आणि त्याचा मृत्यू दोन्ही परत देऊ शकतात, आणि नियम तिची संमती विचारत नाही. हा निर्णय त्यांना खरोखर जड जावा असे मला वाटते. स्मृती परत आल्यावर तिने त्यांचे आभार मानावेत, त्यांना शिव्याशाप द्यावेत, की पुन्हा त्याच घराची वाट धरावी? यांपैकी कोणत्या प्रतिक्रियेमुळे खेळाडूंना आपण केवळ फसवले गेलो असे वाटणार नाही?

तिसरी गोष्ट खेळाबाहेरची आहे. आमच्यातल्या एकाचे वडील अलीकडेच गेले. कथानक न फोडता त्याच्याशी आधी बोलायचे मी ठरवले आहे, पण नेमके किती सांगावे? 'शोक आणि विस्मृती हा या टप्प्याचा विषय आहे' एवढे पुरेल, की मूल गमावलेल्या आईचा उल्लेखही करावा? त्याने नको म्हटले तर शारऐवजी बेनच्या हस्तकांची, म्हणजे झेंटारिम या गुप्त संघटनेची, एक बाजू मी तयार ठेवली आहे.

शोक हा विषय खेळात हाताळलेल्यांचे अनुभव वाचायला विशेष आवडेल, मग तुमची मोहीम कोणत्याही जगातली असो.