स्कोप बसवला आणि एअर रायफलीचा नेम गेला

कुर्टीचा मामा
मंडळी, डोकं चालेना झालंय. माझी .177 ची (साडेचार मिलिमीटर छऱ्याची) देशी ब्रेक-बॅरल एअर रायफल, नळी मोडून आतली स्प्रिंग दाबायची ती. उघड्या साइटवर पडवीतून 10 मीटरवर मारलेले पाच छर्रे रुपयाच्या नाण्याखाली झाकले जायचे. भाचीला स्पर्धेत उतरायचंय, चतुर्थीला ती इथे फोंड्याला येते तेव्हा सराव होईल म्हणून ऑनलाइन 4×32 स्कोप, म्हणजे नेमाची दुर्बीण, मागवला आणि स्वतःच बसवला. तिथेच घोळ झाला.

पहिल्याच दिवशी छर्रे चार बोटं खाली. वरचा नॉब ‘अप’कडे फिरवत गेलो, शेवटी तो अडलाच, तरी छर्रे बोटभर खालीच. बरं, खाली तर खाली, एका जागी तरी पडावेत! छऱ्यांचा गट तळहाताएवढा, आणि वीसेक छर्रे झाले की तोही सरकतो. स्कोप धरणाऱ्या रिंगांचे स्क्रू इतके आवळलेत की ॲलन की वाकायची बाकी आहे. छर्रा न घालता चार-पाचदा चाप ओढून स्कोप हलतोय का तेही बघितलं, काही दिसलं नाही. (समोर वाळूची पेटी, मागे चिऱ्यांचा गडगा, पलीकडे कुणी राहत नाही.) स्कोपच बोगस आहे का? परत पाठवायची मुदत रविवारी संपते.

डिचोलीकर
बिनछऱ्याचं मारणं आधी बंद करा हो! छर्रा नसला की पुढे हवेची गादी राहत नाही, पिस्टन थेट धातूवर आपटतो. सील फाटलं की स्कोपचं दुखणं परवडलं म्हणाल. आणि लाकडी बटाचे पुढचे दोन स्क्रू बघा. स्कोप बसवताना सगळ्यांचं लक्ष वर असतं, ढिले असतात खालचे.

जुना पिस्टन
स्कोप बोगस असेलही, पण तुम्ही सांगताय त्यावरून दोन वेगळी दुखणी दिसतात.

नॉब अडला ते आधी. स्कोप रायफलीच्या नळीच्या चारेक सेंटीमीटर वर बसतो. नॉबचा पाव मिनिटाचा (कोनाचं मिनिट, अंशाचा साठावा भाग) एक क्लिक 10 मीटरला जेमतेम 0.7 मिलिमीटर हलवतो, म्हणजे तेवढी उंची भरून काढायलाच साठेक क्लिक गेले. त्यात ब्रेक-बॅरलची नळी रेलच्या (स्कोप बसतो त्या खाचेच्या पट्टीच्या) मानाने किंचित खाली झुकलेली असते. नॉब टोकाला नेला की स्कोपच्या आतल्या नळीला दाबून धरणारी स्प्रिंग सैल पडते, मग प्रत्येक धक्क्याला आतलं सगळं डुलतं. तळहाताएवढा गट तिथून येतो. नॉब या टोकापासून त्या टोकापर्यंत मोजत फिरवा आणि बरोबर मध्यावर आणून सोडा. उरलेली उंची मागच्या रिंगखाली पातळ पट्टी घालून काढा. रिंगांत 10 सेंटीमीटर अंतर असेल तर 0.2 मिलिमीटरच्या पट्टीने छर्रा 10 मीटरला दोन सेंटीमीटर वर जातो. दोन पट्ट्यांच्या वर जाऊ नका, स्कोपची नळी वाकते.

आता सरकणं. बारुदाच्या रायफलीचा धक्का मागे येतो आणि संपतो. आपल्या स्प्रिंगवालीत आधी मागे, मग पिस्टन थांबला की सगळी रायफल पुढे हिसडते आणि स्कोप जागेवर राहू बघतो, म्हणजे रेलवर मागे घसरतो. रिंगपुढे रेलवर चकचकीत ओरखडा आहे का? मागच्या माऊंटच्या (रिंगेच्या बुडाच्या) पोटात बारीक स्टॉप पिन असते, ती रेलवरच्या भोकात उतरली पाहिजे. भोक नसेल तर पिन आवळत बसू नका, खालच्या सिलिंडरला पोचा पडला की पिस्टन अडकतो. आणि पावसाळ्यात रायफलीला तेल चोपडता ना?

म्हापसा10मी
भाचीला स्पर्धेसाठी स्कोपवर तयार करत असाल तर थांबा. 10 मीटर एअर रायफलला दुर्बीण चालत नाही, पीप साइटच लागते, बारीक भोकातून नेम धरायची. नेमबाज स्वप्निल कुसाळेने 2024 मध्ये पॅरिस ऑलिंपिकला 50 मीटरचं कांस्य मिळवलं तेही बिनस्कोपचं.

कुर्टीचा मामा
डिचोलीकर, पुढचा डावा स्क्रू बोटाने फिरला. काय बोलणार.

पिस्टनभाऊ, ओरखडा आहे, तीन मिलिमीटरचा, आणि तेलाचं विचाराल तर जूनपासून दर रविवारी. रेलच्या खाचेत कापूस फिरवला तर काळाकुट्ट निघाला. स्पिरिटने पुसून कोरडं केलं. पिन आत ओढलेलीच होती, ती कशासाठी असते हेच मला ठाऊक नव्हतं, भोकात उतरवली. नॉबचे एकूण 228 क्लिक भरले, 114 वर ठेवला. पट्टीसाठी आईच्या गुडघ्याच्या जुन्या एक्स-रेचा कोपरा कापला, दोन थर. आईला अजून सांगितलेलं नाही.

आज चाळीस छर्रे मारले. शेवटचे पाच पुन्हा नाण्याखाली, नाण्याची कड एकाने चाटली तेवढीच. स्कोप परत पाठवत नाही, तो मलाच राहू दे. भाचीसाठी पीप साइट बघतोय; ती 11 मिलिमीटरच्या रेलवर थेट बसते, की तिलाही असंच माऊंट लागतं?

जुना पिस्टन
बहुतेक 11 च्याच असतात, थेट बसतात. पण घ्यायच्या आधी रेलची रुंदी मोजा. आणि तेल रविवारी नव्हे, महिन्यातून एकदा, फडक्याला लावून.