ग्लोव्ह्ज घातले म्हणजे हात स्वच्छ?

शिवडीकर (धागाकर्ता)
मागच्या महिन्यात बाबा मध्य मुंबईतल्या एका खासगी हॉस्पिटलच्या आयसीयूत अकरा दिवस होते. काचेबाहेर बसून बघण्याशिवाय मला काम नव्हतं, म्हणून बघत बसलो. एक ब्रदर (पुरुष नर्स) ड्युटीवर आला की निळे ग्लोव्ह्ज चढवायचा. त्याच ग्लोव्ह्जनी बाबांचं सक्शन (नळीने कफ ओढणं), मग मॉनिटरचं बटण, मग पडदा, मग खिशातला फोन आणि मग शेजारच्या आजोबांची सलाईन. सातव्या दिवशी बाबांना लघवीच्या नळीतून इन्फेक्शन झालं. त्याच्यामुळेच झालं असं म्हणणार नाही, ते कुणाला सिद्धही करता येणार नाही. बिलात मात्र ग्लोव्ह्जची जोडी न् जोडी मोजलेली होती!

माझ्या मते हा माहितीचा नाही, शिस्तीचा प्रश्न आहे. जागतिक आरोग्य संघटनेने हात स्वच्छ करायच्या पाच वेळा २००९ सालीच सांगून ठेवल्यात: पेशंटला हात लावण्याआधी, निर्जंतुक काम करण्याआधी, रक्त-लघवीशी संबंध आल्यावर, पेशंटला हात लावून झाल्यावर आणि त्याच्या आजूबाजूच्या वस्तूंना हात लावल्यावर. कॅमेरे लावा, चुकला की पगार कापा. दोन महिन्यांत सवय लागेल.

रातपाळी
पगार कापा म्हणे. मी पालिकेच्या हॉस्पिटलात सिस्टर आहे, १९ वर्षं झाली. रात्री वॉर्डात ४० पेशंट आणि आम्ही दोघी. एक नवीन ॲडमिशन घेत असली की उरली एक. आता हिशेब करा. हँडरब, म्हणजे हाताला चोळायचं अल्कोहोल, नीट चोळायला २० ते ३० सेकंद लागतात. प्रत्येक पेशंटच्या आधी एकदा, नंतर एकदा, म्हणजे एका फेरीत ८० वेळा. नुसते हात चोळण्यात २७ ते ४० मिनिटं गेली. साबण-पाण्याला ४० ते ६० सेकंद, म्हणजे दुप्पट वेळ, आणि बेसिन वॉर्डाच्या पार दुसऱ्या टोकाला. तिथे साबणात पाणी घातलेलं आणि पुसायला सगळ्यांत मिळून एक टॉवेल. पलंगाजवळच्या बाटलीचा पंप दाबला तर फुस्स. आता कुणाचा पगार कापताय?

पेट्रीडिश
रातपाळी, तुमच्या कष्टांबद्दल वाद नाही, हिशेबाबद्दल आहे. एका पेशंटकडून थेट दुसऱ्याकडे गेलात तर आधीचं 'नंतर' आणि पुढचं 'आधी' एकदाच चोळण्यात भागतं. म्हणजे ८० नव्हे, ४१ वेळा. फार तर साडेवीस मिनिटांत बसतं.

शिवडीकर, तुम्हालाही सांगतो, कॅमेऱ्याने फार होणार नाही. मी मायक्रोबायॉलॉजीत आहे, हात धुण्याच्या तपासणीला वही घेऊन वॉर्डात उभा राहिलो की सगळे हात चोळायला लागतात. पाठ फिरली की बंद. ग्लोव्ह्जबद्दल मात्र तुम्ही शंभर टक्के बरोबर. त्यांना बारीक छिद्रं असू शकतात, काढताना बाहेरची घाण हाताला लागते, म्हणून काढल्यावरही हात स्वच्छ करावेच लागतात. आणि ज्यांना हँडरब म्हणजे अमृत वाटतं त्यांच्यासाठी: हात दिसायला मळलेले असतील किंवा क्लॉस्ट्रिडिओइड्स डिफिसिल या जिवाणूचा जुलाब असेल तर अल्कोहोल उपयोगाचं नाही, त्या जिवाणूचे बीजाणू (टणक कवचातलं सुप्त रूप) त्याने मरत नाहीत. तिथे साबण-पाणीच.

रातपाळी
थेट जातं कोण हो? दोन पलंगांच्या मधे ट्रॉली, फाईल, फोन आणि "सिस्टर, पंखा लावा ना" असतं. तुमचे ४१ कागदावरचे.

बोका_दादर
नातेवाइकांवर कुणीच का बोलत नाही? डब्याची पिशवी थेट पेशंटच्या पलंगावर. चार जण त्याच पलंगावर बसून पोळी-भाजी खातात. सिस्टरने हटकलं की "आम्ही पण टॅक्स भरतो".

अडीचवर्षेरेसिडेंट
सगळा धागा हातांवर चाललाय म्हणून थोडं अवांतर. मुंबईत औषधांना दाद न देणारा टीबी किती आहे ते सांगायला नको. माझ्या बॅचमधल्या एकाला टीबी झाला. तो ज्या खोलीत पेशंट तपासायचा तिथे एसीसाठी खिडक्या कायम बंद. साधा मास्क पेशंटने लावायचा, खोकल्याचे थेंब अडवायला. तपासणाऱ्याला एन-९५ लागतो. आमच्याकडे बरेचदा साधा मास्क तपासणाराच लावतो, कारण एन-९५ कपाटात आणि चावी इन्चार्जकडे.

आणि वॉर्डातली साफसफाई करणारे मामा-मावशी? २०१६ च्या नियमांनुसार सुया पांढऱ्या, टोचू न शकणाऱ्या डब्यात जायला हव्यात. निघतात पिवळ्या पिशवीत, आणि टोचतात ती पिशवी उचलणाऱ्याला. एचआयव्हीच्या पेशंटची सुई टोचली तर लागण होण्याची शक्यता साधारण ०.३ टक्के, हिपॅटायटिस बी मध्ये लस न घेतलेल्याला ती ३० टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. कंत्राटी मावशींना तीन डोस मिळाले का, कुणी विचारलंय? शिस्त लावायचीच तर सुई भलत्या पिशवीत टाकणाऱ्या आम्हा डॉक्टरांना आधी लावा.

शिवडीकर
स्टाफ कमी, बाटल्या रिकाम्या, मान्य. पगार कापायचं मागे घेतो. पण त्या आयसीयूत ब्रदरकडे दोनच पेशंट होते आणि दोन्ही पलंगांच्या पायथ्याशी भरलेली बाटली लटकत होती. तिथे ८० चा हिशेब लावायचा की ४१ चा?

रातपाळी
तिथे कुठलाच नाही. तिथे तुमचं बरोबर. ग्लोव्ह्ज चढवले की माणसाला वाटतं आपण वाचलो, मग समोरच्याचा विसर पडतो. म्हणून बीपी-ताप बघायला शिकाऊ मुली ग्लोव्ह्ज घालून आल्या की मी आधी ते काढायला लावते. लागतच नाहीत.

पण तुम्ही काचेवर टकटक करायला हवी होती. मला एकदा एका आजींनी भर वॉर्डात विचारलं, "हात धुतलेस का गं बाळा?" इतका राग आला की दिवसभर त्यांच्याशी धड बोलले नाही. धुतले नव्हते.