दापोली ते गुहागर, एका दिवसात जाऊन येऊन: जंगलजेटी, बामणघळ आणि वेळेचा मेळ

सुरंगी

नमस्कार मंडळी. येत्या शनिवारी दापोलीहून गुहागरला जाऊन रात्री घरी परत यायचं आहे, मुक्काम नाही. गाडी लहान, पेट्रोलची, माणसं पाच. त्यात आई सत्तरीच्या पुढची, गुडघे दुखतात. मुलगी सात वर्षांची, तिला घाटात गाडी लागते.

यादीत व्याडेश्वर, दुर्गादेवी, हेदवीचा दशभुज गणेश, बामणघळ, वेळणेश्वर, गोपाळगड आणि संध्याकाळी गुहागरची चौपाटी. जमल्यास जयगडसुद्धा. मोबाईलवरचा नकाशा मला खेड-चिपळूणवरून नेतो आहे. दाभोळची फेरीबोट धरावी की तो रस्ता? कोणत्या क्रमाने फिरावं? बोटीवर गाडी चढवायची ही पहिलीच वेळ आहे, तेही जरा सांगा.

वाशिष्ठी

नमस्कार ताई. आधी रस्ता. दापोली-खेड-चिपळूण-गुहागर म्हणजे एका बाजूने १००च्या वर किलोमीटर, शिवाय मध्ये महामार्गाची वाहतूक आणि परशुराम घाट. दाभोळवरून दापोली ते धक्का ३०च्या आत, पलीकडे धोपाव्याहून गुहागर १७-१८. खाडी ओलांडायला बोट चालू झाल्यावर दहा-पंधरा मिनिटं. त्यामुळे जंगलजेटीच, म्हणजे गाड्या नेणारी फेरीबोटच, धरा. नकाशा खेडवरून नेतो याचं कारण बहुतेक वेळा एवढंच असतं की ‘फेरी टाळा’ हा पर्याय चालू राहिलेला असतो. तो बंद करा. पण मग नकाशा जी वेळ दाखवेल तीही खरी धरू नका, त्यात धक्क्यावर थांबण्याचा हिशेब धड नसतो. पाऊण तास स्वतः वाढवून घ्या.

आता क्रम. पाहुणे सर्रास करतात ती चूक म्हणजे जवळचं आधी, लांबचं नंतर असा क्रम लावणं: गुहागर, मग वेळणेश्वर, मग हेदवी. बामणघळीला तुमचं घड्याळ चालत नाही, तिथे भरतीचंच चालतं. ती खडकातली अरुंद घळ आहे. लाट आत घुसते, दोन्ही बाजूंनी आवळली जाते, पुढे जायला वाट नाही म्हणून पाणी उभं वर उसळतं. हे सगळं भरतीच्या आधी तासभर ते नंतर तासभर. ओहोटीला गेलात तर काळा खडक आणि त्यात एक फट, बस्स. लोक तेवढंच बघून ‘काही विशेष नाही’ म्हणत परत येतात.

म्हणून आधी तिथी बघा. कोळीवाड्यात आणि खाडीकाठी जुना आडाखा आहे: तिथीला पाऊणने गुणायचं, येईल त्या वाजता भरती. चतुर्थीला ३, अष्टमीला ६, एकादशीला सव्वाआठ. शुद्ध-वद्य दोन्ही पक्षांना तोच हिशेब, आणि एकदा सकाळी तर एकदा संध्याकाळी, साधारण साडेबारा तासांच्या अंतराने. रोज पाऊण तास पुढे सरकते.

यावरून दिवस मांडायचा. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास भरती दुपारच्या आधी येते आणि उधाणाची असते. तेव्हा गुहागरात न थांबता सरळ हेदवी गाठायची आणि तिथून उलटं मागे यायचं. तृतीया ते पंचमीला भरती दुपारी, मग गुहागर आधी, जेवून हेदवी. अष्टमी ते दशमीला मात्र भरती पहाटे-सकाळी नाहीतर संध्याकाळी उशिरा, त्यातून भांगाचं पाणी, जोर कमी. त्या दिवसांत बामणघळ यादीतून काढा आणि तो वेळ गोपाळगडाला द्या, त्याचा कातळात खोदलेला खंदक सावकाश बघण्यासारखा आहे.

शनिवारी तिथी कोणती? ते सांगा, मग वेळा लावून देतो.

जयगड विसरा. तवसाळहून शास्त्री खाडी ओलांडायला दुसरी जंगलजेटी आहे, पण त्याच दिवशी दापोलीला परतायचं तर चार वेळा बोट धरावी लागेल. हेदवी-तवसाळ-जयगड-गणपतीपुळे हा रस्ता पुढे मुक्काम करणाऱ्यांसाठी.

खारवी

वाशिष्ठी यांच्या आडाख्यात एक भर. तो आडाखा मुंबईकडच्या पाण्याला जास्त जुळतो. आपल्या किनाऱ्यावर भरती दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकते, म्हणून रत्नागिरी-जयगडला मुंबईच्या आधी येते. गुहागर-हेदवीसाठी आडाख्याच्या अर्धा-पाऊण तास अलीकडे धरलेलं बरं. मोबाईलवर भरतीचं कोष्टक बघणार असाल तर बंदर रत्नागिरी किंवा जयगड निवडा. बरेचदा मुंबई आपोआप निवडलेलं असतं आणि माणूस उशिरा पोचतो.

आणि हे मनापासून सांगतो. घळीच्या काठावरचा खडक शेवाळलेला असतो आणि पाणी दर वेळी सारख्या उंचीचं येत नाही. चार-पाच लाटा बारीक जातात, मग एक मोठी येते आणि माणूस उभा असतो तिथवर पोचते. ओला खडक दिसला की समजायचं, पाणी इथवर येतं. त्याच्या पुढे पाऊल नाही. मुलीचा हात सोडू नका. फोटोसाठी समुद्राकडे पाठ करून उभं राहायचं नाही. पावसाळ्यात तर त्या बाजूला फिरकूच नये. आईंना वरच्या उमामहेश्वराच्या देवळाशी बसवा, खडकावरून चालणं त्या गुडघ्यांना झेपणार नाही.

पाटावरचा

बोटीवर गाडी चढवण्याबद्दल.

धक्क्यावर आधी तिकीट. खिडकीवर सुटे पैसे द्या, ऑनलाइन पैसे देण्याच्या भरवशावर राहू नका, खाडीकाठी रेंज दगा देते. पावती घेतानाच धोपाव्याहून संध्याकाळी सुटणाऱ्या बोटींच्या वेळा विचारून कागदावर लिहून घ्या. तुमचा परतीचा सगळा हिशेब त्या वेळांवर बसवायचा आहे.

मग रांग. आधी उतरणाऱ्या गाड्या येतील, त्यांची वाट अडवू नका. चढण्यापूर्वी चालक सोडून सगळ्यांना खाली उतरवा, ते चालत चढतील. याला दोन कारणं. एक, बोटीतून धक्क्यावर टाकलेल्या फळीवर गाडी घसरली तर आत माणसं नकोत. दुसरं, पाच माणसं बसलेली लहान गाडी मागून दबलेली असते आणि धक्क्याचा उतार जिथे फळीला मिळतो तिथे तिचं पोट घासतं. ओहोटीला पाणी खाली गेलेलं असतं, उतार जास्त वापरावा लागतो, त्यावर गाळ आणि शेवाळ. तेव्हा पहिल्या गियरमध्ये, अर्ध्या क्लचवर न रखडता, एकसारख्या वेगाने जा. मध्येच थांबून पुन्हा उचललीत की चाकं फिरतात. स्टीअरिंग सरळ ठेवा, फळीवर वळवू नका.

सरळ चढवायची की रिव्हर्समध्ये, हे बोटीवरचा माणूस हाताने सांगेल. त्याच्या हाताकडेच बघा, शेजारी बसणाऱ्याच्या सूचना ऐकू नका. जागेवर लागली की हॅण्डब्रेक, इंजिन बंद, गियरमध्ये ठेवा. आरसे मिटा, गाड्या अगदी खेटून लावतात. मुलीला बोटीवर कठड्यापाशी मोकळ्या हवेत उभी करा, घाटातली मळमळ तिथे निम्मी कमी होते.

दाभोळला वेळ मिळाला तरी चंडिकादेवीला आईंना नेऊ नका. देवी भुयारात आहे, वाकून जावं लागतं, आत समईचाच उजेड. गुडघेदुखीला ते सोसत नाही.

सुरंगी

खूप आभार सगळ्यांचे. कालनिर्णय बघितलं, मार्गशीर्ष शुद्ध चतुर्दशी आहे. म्हणजे १४ ला पाऊणने गुणून साडेदहा, आणि अर्धा तास अलीकडे म्हणजे दहा. बरोबर का? आणि मग गोपाळगड कुठे बसवायचा?

वाशिष्ठी

बरोबर. चतुर्दशी म्हणजे उधाणाचं पाणी, बामणघळ चांगली उडेल. फक्त दुसऱ्या दिवशी दत्तजयंती आणि रविवार, त्यामुळे धक्क्यावर गर्दी गृहीत धरा.

पावणेसातला दापोली सोडा. टाकी दापोलीतच भरा, पुढे पंप शोधत बसायचं नाही. स्टेपनीत हवा आहे का तेही तिथेच बघा, ते नेहमी राहून जातं. पावणेआठपर्यंत दाभोळ. साडेआठच्या आगेमागे धोपावे. तिथून गुहागर ३०-३५ मिनिटं, पण बाजारात शिरून थांबू नका, व्याडेश्वराला दुपारी जायचंच आहे. पालशेत, अडूरवरून हेदवी आणखी साधारण २५ किलोमीटर, रस्ता अरुंद आणि वळणांचा, पाऊण-एक तास धरा. दहा-सव्वादहाला समुद्रावर पोचाल. एखादी बोट चुकली तरी अकरापर्यंत पाण्यात जोर असतो, म्हणून घाबरून गाडी पळवू नका. वळणावर समोरून एसटी आली की दोघांपैकी एकाला गाडी मागे घ्यावीच लागते.

अकराला दशभुज गणेश. संगमरवरी मूर्ती, दहा हात, मांडीवर लक्ष्मी. गर्दी नसेल तर आईंना नीट जवळून दर्शन होईल. परतताना वेळणेश्वर, शंकराचं देऊळ आणि माडांची सावली, अर्धा-पाऊण तास पुरे. दीड-पावणेदोनला गुहागरात जेवण. मग व्याडेश्वर, तो बाजारातच आहे, आणि वरचा पाट या भागातली दुर्गादेवी. उफराटा गणपती तुमच्या यादीत नाही, तोही घ्या; तिथे वेळ लागत नाही.

संध्याकाळी दोनपैकी एकच करा. चौपाटी हवी असेल तर चारच्या सुमाराला पूर्ण ओहोटी, वाळू लांबवर उघडी आणि चालायला घट्ट. मुलीला तेच आवडेल. फक्त ओहोटीच्या पाण्यात पोहायला कोणी उतरू नये, ओढ आतल्या बाजूला असते. गाडीही वाळूवर घालू नका. वरून कोरडी दिसणारी वाळू खाली मऊ असते, चाक रुतलं की भरती यायच्या आत बाहेर काढायची धावपळ होते.

गोपाळगड हवा असेल तर चारला गुहागर सोडून अंजनवेल. किल्ला, शेजारचं टाळकेश्वराचं देऊळ आणि दीपगृहाचा परिसर, सूर्यास्त तिथूनच. याचा फायदा असा की गुहागरच्या चौपाटीवरून सूर्य बुडताच सगळ्या गाड्या एकदम धोपाव्याकडे सुटतात, त्यांच्या आधी तुम्ही रांगेत असाल. तुमच्या जागी मी हेच निवडीन, पण आईंनी गाडीजवळच बसून राहायची तयारी ठेवावी, किल्ल्यात पाऊलवाट खडबडीत आहे.

सूर्यास्त सहाच्या सुमाराला. सव्वासहाला कोणत्याही परिस्थितीत निघायचं. सातच्या आसपास धोपावे, साडेआठ-नऊला घर. तोपर्यंत पाणी पुन्हा चढू लागलेलं असेल, फळी सकाळपेक्षा फार तिरकी नसेल. दाभोळ-दापोली रस्त्याला दिवे नाहीत आणि गुरं रस्त्यात बसलेली असतात. चांदणं असलं तरी त्यावर विसंबू नका, झाडीखाली काळोखच.

आणि बोट हुकलीच, किंवा वाऱ्या-पाण्यामुळे बंद ठेवली, तर गुहागरहून शृंगारतळी, चिपळूण, खेड असा रस्ता आहेच. रात्री तीन-साडेतीन तास धरा. त्यापुरतं पेट्रोल शिल्लक असलं पाहिजे, म्हणून सकाळी टाकी भरायला सांगितलं.

ओटीवरून

जेवणाचं राहिलं. गुहागरला घरगुती खानावळी चांगल्या आहेत, पण त्या माणसं मोजून स्वयंपाक करतात. दीडला जाऊन पाच पानं मागितलीत तर तास जातो. आदल्या दिवशी फोन करून पानं आणि वेळ सांगा. उकडीचे मोदक हवे असतील तर आकडाही सांगा, ते आयत्या वेळी होत नाहीत. मासे खाणारे असतील तर तेही आधीच कळवा, कारण बऱ्याच खानावळी फक्त शाकाहारी आहेत.

मुलीसाठी: सकाळी दूध आणि तेलकट काही नको. मऊभात किंवा कोरडी भाकरी, पोट अगदी रिकामंही नको. मागच्या सीटवर मधोमध बसवा म्हणजे समोरचा रस्ता दिसेल, मोबाईल हातात देऊ नका. आवळासुपारी किंवा आलेपाक जवळ ठेवा. डॉक्टरांनी गोळी दिली असेल तर ती निघण्याच्या अर्धा तास आधी. मळमळ सुरू झाल्यावर दिलेली उलटून पडते. हेदवीचा रस्ता दाभोळपेक्षा जास्त वळणांचा आहे, म्हणून धोपाव्याला उतरल्यावर पाच मिनिटं गाडी बाजूला घेऊन तिला पाणी द्या, मग पुढे.

सुरंगी

संध्याकाळी अंजनवेल ठरलं. रत्नागिरीचं कोष्टक बघितलं, शनिवारची भरती दहाच्या थोडी आधी दाखवतं. म्हणून निघायची वेळ साडेसहा केली आहे. खानावळीत पाच पानं आणि अकरा मोदक सांगून ठेवले.