तीन मारिया: कोणी काय लिहिलं, हे गुपितच राहू द्यावं का?

मांडवीकाठ
फेब्रुवारी 2025 मध्ये पोर्तुगीज लेखिका मारिया तेरेझा ऑर्ता गेल्या. 'तीन मारियां'पैकी शेवटच्या. मारिया इझाबेल बारेनू 2016 मध्ये आणि मारिया व्हेल्यू द कॉश्ता 2020 मध्येच गेल्या होत्या. तिघींनी मिळून लिहिलेलं 'नवी पोर्तुगीज पत्रं' 1972 साली लिस्बनला छापलं गेलं. त्यातलं कुठलं पान कोणाचं, हे त्यांनी कधीच सांगितलं नाही. आता अभ्यासकांनी शैली तपासून ते हुडकू नये, असं माझं ठाम मत आहे.

पुस्तक जन्मलं कसं ते पाहा. 1971 मध्ये ऑर्तांचा कवितासंग्रह आला. बाईनं शरीरसुखावर उघड लिहिलं म्हणून त्यावर बंदी आली, वर रस्त्यात गाठून त्यांना मारहाण झाली. एकटीनं लिहिलं तर एवढं, मग तिघींनी लिहिलं तर? मैत्रिणींच्या या बोलण्यातून पुस्तक उभं राहिलं. सरकारनं ते अश्लील ठरवून खटला भरला. 'आक्षेपार्ह' मजकूर नेमका कोणाचा, हे तिघींनी पोलिसांना सांगितलं नाही. (गोव्यातही 1961 पर्यंत याच पोर्तुगीज हुकूमशाही राजवटीची सेन्सॉरशिप होती, म्हणून मला हे परकं वाटत नाही.)

कृष्णाकाठी वाचक
असहमत. पोलिसांपासून लपवणं समजू शकतो, पण वाचकांपासून का? 25 एप्रिल 1974 ला राजवट कोसळली, 7 मे रोजी तिघी निर्दोष सुटल्या. पुढे व्हेल्यू द कॉश्ता स्त्रीवादी चळवळीपासून दूर गेल्या, ऑर्ता शेवटपर्यंत स्वतःला स्त्रीवादी म्हणवत राहिल्या. इतकी वेगळी माणसं एका नावाखाली कोंबायची? ऑर्तांच्या कवितेवर हा अन्यायच आहे.

इंद्रायणी
मांडवीकाठ, सहमत. या पुस्तकाचा आधार म्हणजे 1669 मध्ये पॅरिसला निघालेली पाच प्रेमपत्रं. ती पोर्तुगालमधल्या बेजाच्या मठातल्या मारियाना या ख्रिस्ती जोगिणीची मानली जात. आता बहुतेक अभ्यासक ती गिलराग या फ्रेंच पुरुषाची मानतात. पुरुषानं बाईचा आवाज घेतलेला चालतो, मग तिघींनी एकच आवाज केला तर लगेच हिशेब कशाला?

कृष्णाकाठी वाचक
ताई, हे उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. कोणीतरी शोध घेतला म्हणूनच तर गिलराग सापडला!

मांडवीकाठ
हा मुद्दा खरा आहे, मान्य करते. पण गिलरागनं दुसरीचं नाव पुढे केलं होतं. या तिघींची नावं मुखपृष्ठावर होती आणि आरोपपत्रातही. जबाबदारी कोणीच टाळली नाही.

शिवाय आतली पत्रं कोणाची आहेत? परदेशी गेलेल्या नवऱ्याला लिहिणारी खेड्यातली बाई, आफ्रिकेतल्या लढाईवरून लिस्बनच्या मोलकरणीला लिहिणारा शिपाई. ज्या देशात 1969 पर्यंत लग्न झालेल्या बाईला परदेशी जायला नवऱ्याची परवानगी लागायची, तिथल्या त्या खेड्यातल्या बाईच्या पत्राखाली मला कुठल्याच लेखिकेची सही नको आहे.

कृष्णाकाठी वाचक
मला हवी आहे. ते पत्र कोणाच्या हातून उतरलं, हे कळलं तर त्या हाताचं बाकी सगळं लेखन मी शोधून वाचेन.