मदत हवी आहे: फिक्स साइटच्या पिस्तूलचे शॉट खाली डावीकडं जातायत

नमस्कार मंडळी, मी कोल्हापूरचा, राही सरनोबतनी 2018 ला एशियन गेम्समध्ये 25 मीटर पिस्तूलचं गोल्ड आणलं तेव्हापासून डोक्यात होतं, आता कुठं रेंजवर एअर पिस्तूल शिकायला सुरुवात केलीय. पिस्तूल मित्राचं, जुनं, साइट (नेम धरायची पुढची-मागची खूण) फिक्स, स्क्रू फिरवून ती सरकवायची सोयच नाही. 10 मीटरवर टार्गेटवरचं दहा गुणांचं वर्तुळ फक्त 11.5 मिलिमीटरचं असतंय आणि माझे छर्रे सगळे खाली डावीकडं, पण एकाच जागी गोळा होऊन पडतायत. मी उजव्या हाताचा. पुढची साइट मागच्या खाचेत मधोमध, दोन्ही बाजूला सारखा उजेड, माथा एका रेषेत, नजर पुढच्या साइटवर, टार्गेटचा काळा गोल धूसर, एवढं सगळं पाळतोय. मग हे ट्रिगर झटक्यात ओढल्यामुळं होतंय का साइटच तशी हाय? एकजण म्हणतोय पुढची साइट कानशीनं थोडी घास, शॉट वर येतील, पण घासलेलं परत येत नाही ओ, आणि वस्तू दुसऱ्याची! आधी टेकू देऊन पाच शॉट मारून बघू, का सरावातल्या कुणाला तरी मारायला देऊ? अनुभव असलेल्यांनी सांगा, रविवारी परत जायचंय, लई जीव लागलाय यात.